होर्मुझ बंद झालं नाही, मग आपलं काय गेलं?

कागदवाला | १३ जुलै २०२५, रात्री ९.४०

इराण-इस्रायल युद्ध थांबून तीन आठवडे होत आले. आखातातलं तेल जिथून बाहेर पडतं ती होर्मुझची सामुद्रधुनी इराण बंद करेल, अशी तेव्हा भीती होती. परवा मार्केट यार्डात चहा घेताना एक मित्र म्हणाला, "बघ, होर्मुझ काही बंद झालं नाही. तेल परत सत्तर डॉलरच्या खाली आलं. उगाच सगळ्यांनी घाबरवलं." तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय.

गेली बावीस वर्षं मी निर्यातीचे कागद करतो. चाकणचे सुटे भाग, जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, टेंभुर्णीची केळी, जे येईल ते न्हावा शेव्याला पोचवायचं, बीएल, म्हणजे माल जहाजात चढल्याची पावती, हातात घ्यायचं, बँकेत लावायचं. मला वाटतं, "सामुद्रधुनी बंद होणार का" हा प्रश्न धरून बसल्यामुळे आपलं खरं नुकसान नजरेआड होतं. ती उघडी असतानाच युद्ध आपल्याकडे येतं. कधी विम्याच्या दरातून, कधी प्रवासाच्या वाढलेल्या दिवसांतून, तर कधी "बुकिंग सध्या घेत नाही" या एका ओळीच्या मेलमधून.

तांबड्या समुद्राचंच बघा. तो कुणी बंद केला? कुणीच नाही. गाझातलं युद्ध सुरू झालं आणि १९ नोव्हेंबर २०२३ला येमेनच्या हुती बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतलं. मग बाब-अल-मंदेबच्या, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या, आसपास ड्रोन, क्षेपणास्त्रं. पाण्यात फाटक कुणी लावलं नाही, पण लंडनच्या विमा बाजारात युद्धजोखमीचा दर चढला. जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्याच्या आसपास असलेला दर २०२४च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरचं जहाज धरा. आधी एका फेरीला पन्नास हजार डॉलर लागायचे, मग किमान सात लाख. मोठ्या कंपन्यांनी हिशोब केला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली.

त्या फेब्रुवारीत नारायणगावच्या एका बागायतदाराचे दोन रीफर, म्हणजे थंड कंटेनर, रॉटरडॅमला गेले. माल उत्तम होता, साखर भरलेली, रेसिड्यूचे, म्हणजे औषधांच्या अंशाचे, रिपोर्ट स्वच्छ. एरवी सुवेझमार्गे बावीस-पंचवीस दिवसांत पोचणारा माल अडतिसाव्या दिवशी उतरला. द्राक्ष तोडल्यावरही जिवंत असतं, कंटेनरमध्ये ते श्वास घेत असतं. देठ तपकिरी पडले होते, मणी गळत होते. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि भाव पाडला. बागायतदार माझ्यासमोर बसून ते फोटो मोठे करून करून बघत होता. मग त्याने विचारलं, "हे येमेन नेमकं कुठं आलं?" मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्याने न्हावा शेव्यापासून बाब-अल-मंदेबपर्यंत बोट नेलं आणि तिथून खाली, पार आफ्रिकेच्या टोकाला केपपर्यंत.

इजिप्तचंही तेच झालं. गाझाचा सख्खा शेजारी. लढाईत उतरला नाही, पण सुवेझ कालव्याचं त्याचं उत्पन्न २०२३मध्ये सुमारे १,०२५ कोटी डॉलर होतं, ते २०२४मध्ये ४०० कोटींच्या आत आलं. शेजारच्या भांडणाची किंमत म्हणजे काय, ती ही.

होर्मुझ तर याहून मोठं प्रकरण आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर, आणि जगाच्या तेलवापराचा सुमारे पाचवा हिस्सा, रोज दोन कोटी बॅरलच्या आसपास, तिथून जातो. त्यामुळे ते बंद होण्याची वाट बघायची गरज नाही. नुसतं बोललं गेलं तरी पुरतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

हिशोबी | १३ जुलै, रात्री १०.२५

लेख आवडला. पण मित्राची बाजू थोडी मांडतो. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला, २२ला अमेरिकेने फोर्डो, नतांझ, इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, २३ला इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रं सोडली. एवढं सगळं होऊनही ब्रेंट तेल ऐंशी डॉलरच्या वर जेमतेम डोकावलं आणि उतरलं. पुण्यात पेट्रोलचा दर जवळपास होता तिथेच राहिला. कारण आपण शिकलोय. २०२२च्या आधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, आता, २०२५च्या मध्यात, तो एक तृतीयांशाच्या वर आहे. ते तेल होर्मुझमधून येत नाही. तेव्हा भीतीपेक्षा तयारीबद्दल बोलू या.

इंजिनरूम | १३ जुलै, रात्री ११.१०

हिशोबी, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण पेट्रोलचा दर हलला नाही याचा अर्थ धक्का बसला नाही असा होत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी सोसला, एवढंच.

मी जहाजावर इंजिनिअर होतो, आता निवृत्त, पाषाणला राहतो. १९८७ साली फोर्थ इंजिनिअर म्हणून टँकरवर आखातात होतो. इराण-इराक युद्ध चालू होतं. त्या युद्धात चारशेहून जास्त व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, आणि होर्मुझ तेव्हाही पूर्ण बंद झालं नव्हतं. कागदवाल्यांचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. रात्री डेकवरचे दिवे मालवून जायचो. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली, त्यामुळे आम्हाला दिसायचं काहीच नाही, फक्त ऐकू यायचं. पंपाचा नेहमीचाच ठोका जरा वेगळा पडला तरी चौघे जण एकदम माना वर करायचो. २४ जुलै १९८७ला ब्रिजटन नावाचा टँकर सुरुंगावर गेला. अमेरिकन युद्धनौका त्याच्या संरक्षणाला होत्या. स्फोटानंतर त्याच युद्धनौका त्या टँकरच्या मागे रांगेत लागल्या, कारण अवाढव्य टँकर सुरुंगाचा घाव सोसू शकतो, पातळ पत्र्याची युद्धनौका नाही. आमच्या जहाजावर ही बातमी रेडिओवर कळली तेव्हा कुणी काही बोललं नाही.

आता सुरुंगांची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. या जूनमध्ये त्या भागात जीपीएसचे सिग्नल गडबडले होते, पडद्यावर जहाजं जमिनीवर उभी दिसत होती. त्याच दिवसांत, १७ जूनला, फ्रंट ईगल आणि अॅडलिन हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. गेल्याच आठवड्यात तांबड्या समुद्रात मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं हुतींनी बुडवली. दुसऱ्या जहाजावरचे काही खलाशी मेले. व्यापार, विमा, भाव हे सगळं बोला, पण जहाजावर माणसं असतात. १३ एप्रिल २०२४ला इराणने एमएससी एरीज पकडलं तेव्हा त्यावर सतरा भारतीय होते, आणि ते जहाज आपल्या न्हावा शेव्यालाच येत होतं.

शनिवारपेठकरीण | १४ जुलै, सकाळी ७.३०

इंजिनरूम काका, वाचताना अंगावर काटा आला.

आमच्या घरची गोष्ट सांगते. माझे मामा कुवेतला एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत घेतलं. दोन महिने आजीला त्यांची खबर नव्हती. ते बसने इराक ओलांडून जॉर्डनमध्ये आले, सीमेवर तंबूत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरले. असे लाखाहून जास्त भारतीय तेव्हा परत आणले. मामांकडे एक बॅग आणि कुवेती दिनारची पुडकी होती. बारा वर्षांची कमाई. त्या नोटा तेव्हा कुणीच घेत नव्हतं. आजी ती पुडकी देवघराच्या खणात ठेवायची.

तेव्हा मी नववीत होते. तेलाचा भाव सतरा डॉलरवरून चाळीसपर्यंत गेला, आखातातून येणारा पैसा थांबला, आणि पुढच्या वर्षी, १९९१च्या जुलैत, देशाला ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवावं लागलं. यामागे आपली आर्थिक धोरणं होतीच, सगळा दोष युद्धाला देत नाही. पण आधीच वाकलेल्या फांदीवर ते युद्ध येऊन बसलं. आज आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. आमच्या वाड्यातल्या बाराजणांपैकी तिघांची मुलं दुबईत. अल उदेदवर क्षेपणास्त्रं पडली आणि कतारने हवाई हद्द बंद केली, त्या रात्री आमच्याकडे कुणी झोपलं नाही.

भुसारलेन | १४ जुलै, दुपारी १.१५

आमचा सुक्यामेव्याचा व्यापार, तिसरी पिढी. गेले तीन महिने आम्ही दोन बाजूंनी कोंडीत आहोत. पहलगामनंतर एप्रिलच्या शेवटी पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं फाटक बंद झालं. अफगाणिस्तानचा अंजीर, जर्दाळू, मनुका तिकडून ट्रकने यायचा. मेमध्ये १६० अफगाण ट्रक सोडले, पण तो अपवाद. म्हणून व्यापाऱ्यांनी माल इराणच्या बंदर अब्बासवरून समुद्रमार्गे फिरवायचं ठरवलं, तर जूनमध्ये तिथेच युद्ध. इराणचा मऊ काळा खजूर, मामरा बदाम, पिस्ता, सगळ्याचे सौदे बोलून झालेले आणि माल कधी निघेल ते कुणी सांगेना. दुबईचा आडत्या दिवसाला तीन वेळा भाव बदलून कळवायचा, आणि शेवटी फोनच उचलेना.

उलट्या बाजूनेही तेच. इराणला जाणारा सुमारे लाखभर टन बासमती कांडला आणि मुंद्रा बंदरांत अडकला होता. तांदूळ हरियाणा-पंजाबचा, पण त्यात पैसा अडकलेले दोन व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. नेहमीच्या विम्यात युद्धाची जोखीम येत नाही, विमा नाही तर बँक कागद घेत नाही, कागद नाही तर पैसा नाही. माल चोख आहे, गिऱ्हाईक आहे, मधला एक कागद नाही. आमच्या धंद्यात शब्दावर लाखो रुपये चालतात, पण शब्द देणाऱ्याच्याच हातात काही उरलं नसेल तर तो तरी काय करेल?

रेग्युलेटर | १४ जुलै, रात्री ८.५०

सगळे तेलावर बोलताहेत, स्वयंपाकघराबद्दल कुणीच बोलत नाही. माझं काम गॅसचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण जाळतो त्या एलपीजीतला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक सगळा आखातातून. रशियाचं तेल आहे हे ठीक, पण रशियाचा सिलिंडर नाही. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली गुहा कोरल्यात. तिन्ही मिळून ५३.३ लाख टन, म्हणजे साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचा साठा वेगळा. एलपीजीचं बघा. विशाखापट्टणमची एलपीजीची गुहा साठ हजार टनांची, आणि देश रोज ऐंशी हजार टनांहून जास्त एलपीजी जाळतो. म्हणजे पूर्ण भरलेली गुहा एक दिवससुद्धा पुरत नाही. हिशोबी, तुम्ही तयारी म्हणालात ना, ती इथे अपुरी आहे.

दुसरं, एलएनजी, म्हणजे जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू. आपला सर्वांत मोठा पुरवठादार कतार, आणि त्याची सगळी जहाजं होर्मुझमधूनच निघतात. कतारला दुसरं दारच नाही. सौदीकडे तांबड्या समुद्रावरच्या यांबूपर्यंत तेलवाहिनी आहे, अमिरातीकडे २०१२पासून फुजैरापर्यंत आहे, पण वायूला तसा पर्याय नाही. शिवाय दीर्घ कराराच्या वायूचा भाव तेलाच्या मागच्या काही महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. त्यामुळे जूनची उसळी जूनच्या बिलात शोधून सापडणार नाही.

आणि कुणाला आधी लागतं? ज्याचा खिसा पातळ त्याला. युक्रेनचं युद्ध २४ फेब्रुवारी २०२२ला सुरू झालं. रशियाचा वायू कमी झाल्यावर युरोपने जगभरातून एलएनजी जास्त पैसे मोजून उचलला. जर्मनीच्या हिवाळ्याची सोय झाली. अंधार पडला तो पाकिस्तान आणि बांगलादेशात. त्या जुलैत पाकिस्तानने दहा जहाजं भरून एलएनजीसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशाने खुल्या बाजारातली एलएनजी खरेदीच थांबवली आणि भारनियमन सुरू केलं. ढाक्याच्या शिवणकामगारांचा युक्रेनमधल्या डोनबासशी काय संबंध? मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते. पैसेवाल्याला युद्ध महागात पडतं, गरिबाच्या हाती वस्तूच लागत नाही.

ट्रान्सनिस्ट्रिया आठवा, मोल्दोवातून फुटून निघालेला तुकडा. १ जानेवारी २०२५ला युक्रेनमधून जाणारा रशियन वायू थांबला आणि ऐन थंडीत तिथल्या घरांचं तापमान पडलं, कारखाने बंद झाले. लोक लाकडं फोडत होते.

भोसरी एमआयडीसी | १४ जुलै, रात्री ९.३०

रेग्युलेटर, आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी प्रोपेनवर आहे. जूनमध्ये पुरवठादाराने दरपत्रकाची मुदत पंधरा दिवसांवरून तीन दिवसांवर आणली. माझा ग्राहक मात्र वर्षाचा दर बांधून मागतो. मधली तफावत माझ्या खिशातून. भट्टी बंद करून परत तापवायला लागतं त्याचा खर्च वेगळाच. बाकी काही बोलत नाही, धागा वाचतोय.

पारपत्र | १५ जुलै, सकाळी १०.०५

व्यापार झाला, गॅस झाला. सुरक्षेचं थोडं लिहिते, आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते म्हणून.

नकाशावर इराणची सीमा बोटाने फिरवून बघा. युद्ध चालू असताना पाकिस्तानने बलुचिस्तानची सीमा-नाकी बंद केली आणि तिथले पेट्रोल पंप कोरडे पडले, कारण तो सगळा भाग इराणमधून चोरून येणाऱ्या पेट्रोलवर चालतो. इराकची वीज बऱ्याच अंशी इराणच्या वायूवर. आर्मेनियाची तुर्कस्तान आणि अझरबैजानकडची दारं आधीच बंद, उरली जॉर्जिया आणि इराण. त्यांपैकी एकाच्या घरात आग. इराणमधून भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन सिंधूत आपल्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली ती त्याच आर्मेनियामार्गे. आणि अफगाण. युद्धानंतर इराणने लाखोंना सीमेपार पाठवलं, अफगाण सीमेवरच्या इस्लाम कला नाक्यावर रोज हजारो माणसं उतरताहेत. यातल्या कुणीही हे युद्ध सुरू केलं नव्हतं.

पुण्यात इराणी विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकायला येतात. जूनमध्ये इराणमधलं इंटरनेट बंद झालं तेव्हा माझी एक विद्यार्थिनी चार दिवस आईचा आवाज ऐकू शकली नव्हती. परीक्षेला बसली, पेपर लिहिला, आणि बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी नुसती उभी राहिली.

आपण शेजारी आहोत का, हा प्रश्न कुणी तरी विचारेल म्हणून सांगते. मुंबईहून मस्कत हे कोलकात्यापेक्षा जवळ आहे. २३ डिसेंबर २०२३ला केम प्लूटो या टँकरवर ड्रोन आदळलं, ते गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर. मार्च २०२४मध्ये ट्रू कॉन्फिडन्सवर क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा खलाशांना उचलायला आयएनएस कोलकाता गेली. आपल्या नौदलाच्या युद्धनौका महिनोन्महिने त्या पाण्यात उभ्या होत्या. तोही खर्चच.

हिशोबी | १५ जुलै, दुपारी ३.४०

एलपीजीचा आकडा मला माहीत नव्हता, मानतो. तरी एक गोष्ट धाग्यात यायला हवी. शेजाऱ्याचं फक्त नुकसानच होतं असं नाही. रशियाचं तेल सवलतीत घेऊन, शुद्ध करून आपल्या रिफायनऱ्यांनी युरोपला डिझेल विकलं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा जहाजमालकांचे दर वाढले, त्यांनी कमावलं. पोलंडमधून युक्रेनचं धान्य वाहून वाहतूकदार कमावत होते.

कागदवाला | १५ जुलै, रात्री ९.१५

खरं आहे, आणि त्याच पोलंडच्या शेतकऱ्यांचा भाव त्या धान्याने पडला. एप्रिल २०२३मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया यांनी युक्रेनच्या धान्यावर बंदी घातली. युक्रेनच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले पोलिश लोक सीमेवर ट्रॅक्टर लावून बसले. एकाच देशात एकाने कमावलं आणि दुसऱ्याने गमावलं. ज्याच्याकडे टाकी आहे, जहाज आहे, थांबायची ताकद आहे, त्याला युद्धात संधी दिसते. ज्याचा माल नासतो त्याला थांबताच येत नाही. तुमचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त मी दुसऱ्या बाजूच्या लोकांचे कागद करतो.

भोसरीवाले, वार्षिक करारात इंधनदराचं कलम घालून घ्या. ग्राहक कुरकुरतो, पण आता चाकणच्या मोठ्या कंपन्याही ऐकून घेतात. मसुदा पाठवतो.

नारायणगावकर | १६ जुलै, सकाळी ६.२०

साहेब, वरचा अडतीस दिवसांचा माल माझाच. घरच्यांनी धागा दाखवला. पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. युरोपला प्लॉट नोंदवायचा तर औषधांचं वेळापत्रक आत्तापासून वेगळं ठेवावं लागतं, मजूर जास्त, खर्च जास्त. तांबडा समुद्र तोवर सुरू होईल का ते तुम्हालाही सांगता येणार नाही, मला कळतं. घरातले म्हणतात यंदा दुबईला टाका, जवळ आहे, आठवड्यात माल पोचतो. तुमचं काय म्हणणं?

कागदवाला | १६ जुलै, सकाळी ८.०५

दादा, दुबईचं जेबेल अली बंदर होर्मुझच्या आत आहे. सौदीचं जेद्दा तांबड्या समुद्रावर. दोन्हीकडे तोच प्रश्न आहे, फक्त दिवस कमी असल्याने द्राक्ष टिकेल. अमिरातीचंच खोर फक्कान बंदर होर्मुझच्या बाहेर आहे, तिथे उतरवून पुढे ट्रकने नेता येतं, भाडं थोडं जास्त. सगळा माल एकाच वाटेवर टाकू नका. थॉमसन द्राक्षाचा निम्मा प्लॉट युरोपसाठी नोंदवा, पण दर ठरवताना चाळीस दिवसांचा प्रवास धरूनच बोलू, पंचवीसचा नाही. काळी जंबो द्राक्षं पूर्वेकडे जाऊ दे, मलेशियाच्या वाटेवर यातलं काही नाही. आणि यंदा युद्धजोखमीचा विमा खरेदीदार भरणार की आपण, हे करारात आधी लिहून घ्यायचं. मागच्या वेळी ते राहिलं, ती माझीही चूक होती.

शनिवारी ऑफिसला या. दोन्ही वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या आणि रेसिड्यूचे रिपोर्ट आणा, विमावाल्याला अकराला बोलावतो.